उकळ्याचे कान

उकळ्या म्हणजे मीच, हे सांगायला मी स्वतःच्या पायांनी चालत माने काकांच्या दारात गेलो. बोलावलं कुणी नव्हतं. तसं मला म्हटलंही कुणी नव्हतं. पण माणसाला एकदा वाटलं की वाटलं. त्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे वाटून घेण्याचा अधिकार मला सर्वसाधारण सभेनं एकमताने दिलेला.

उकळ्या हा एका चित्रकथेतला खलनायक. ही चित्रकथा कुठे छापून येत नव्हती. बडोद्यात समा भागात आमची सोसायटी आहे, तिच्या फाटकाशी हिरव्या प्लायवूडचा नोटीस बोर्ड आहे, आणि त्या बोर्डावर दर शनिवारी सकाळी तळमजल्यावरचे माने काका एक मोठा कागद चार टाचण्यांनी लावायचे. कागदावर सहा चौकटी, चौकटींत उकळ्या. बोर्डाच्या वरच्या भागात माझी नोटीस असायची: पाणी सकाळी सहा ते सात, मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. ती एकाही भाषेत कुणी वाचत नसे. गर्दी खालच्या भागाला.

उकळ्या जन्मतःच म्युटंट होता. दिसायला तुमच्याआमच्यासारखा, चौकड्यांचा शर्ट, तपकिरी पँट. पण राग आला की वाढायचा. थोडा राग आला तर दाराएवढा, जास्त आला तर विजेच्या खांबाएवढा. तळपायाखालचं डांबर वितळायचं, कानांतून वाफ निघायची आणि हाताला येईल ते तो उपटायचा. त्याच्या हाताला बहुतेक वेळा दुकानांच्या पाट्याच कशा यायच्या, हा प्रश्न मला वर्षभर पडला नाही.

या शक्तीत एक खोट होती. उकळ्या वाढला की त्याचे कानही वर जायचे. इतके वर, की खालचं माणूस काय सांगतंय ते त्याला ऐकूच यायचं नाही. लोक खालून ओरडून सांगायचे, "अरे बाबा, तुझं पाकीट सापडलं," आणि हा पाकीटचोर शोधायला अख्खा बाजार उलथापालथा करायचा. मग राग उतरायचा, उकळ्या पुन्हा पाच फूट पाच इंच, पण कपडे फाटलेले. म्हणून प्रत्येक गोष्टीची शेवटची चौकट ठरलेली: लहरीपुऱ्यातलं शिंप्याचं दुकान, कमरेला टॉवेल गुंडाळून उभा असलेला उकळ्या, आणि चष्म्यावरून बघत शिंपी विचारतोय, "पाछुं?" म्हणजे, परत? सोसायटीतली पोरं त्या एका शब्दासाठी आठवडाभर थांबायची.

तर त्या शनिवारी उकळ्याच्या गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा होता, आणि तो कुणावर तरी बोट रोखून उभा होता. माझ्या गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा असतो. आणि गुरुवारीच मी पार्किंगवरून एकावर बोट रोखलं होतं. बोर्डापाशी उभ्या असलेल्या दोन पोरांनी आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. झालं. मी तिथूनच वळलो.

माने काका बुटक्या स्टुलावर बसून डब्यातला रंग काडीनं ढवळत होते.

"हा मी आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"उकळ्या. सोसायटीच्या बोर्डावर, सोसायटीच्या सेक्रेटरीची, त्याच्या परवानगीशिवाय..." पुढचं मला आठवत नाही, पण बरंच होतं. काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बसा ने."

"मी बसायला आलेलो नाही."

"ते दिसतंय." त्यांनी बनियनच्या आतून दोरी ओढली. तिच्या टोकाला चष्मा होता. "चष्मा माझा आहे, सेक्रेटरीसाहेब. उकळ्यापण माझाच आहे. बोटही माझंच काढलं होतं." माझ्या हाताकडे बघत त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "पण आता तुमचं बघतोय, तर तुमचं सरस आहे. जरा तसंच धरा."

आणि मी, देव मला क्षमा करो, धरलं. पुढच्या शनिवारपासून उकळ्याचं बोट माझं झालं. सगळ्यांनी ओळखलं. तोवर कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

संध्याकाळी हे नीलाला, म्हणजे बायकोला सांगितलं. ती पालक निवडत होती. म्हणाली, "ते स्वतःलाच काढतात, हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" बायकोला माहीत असतं आणि मला नसतं अशा गोष्टी आमच्या घरात पुष्कळ आहेत. त्यातली एक तिनं त्या दिवशी मला सांगितली.

माने काका पाट्या रंगवणारे. लहरीपुऱ्यात, निजामपुऱ्यात एके काळी दुकानांवर जी अक्षरं होती त्यांतली निम्मी त्यांच्या हातची. मग फ्लेक्स आले आणि हातानं पाटी लिहून घेणारं कुणी उरलं नाही. काकांनी फ्लेक्सवर राग धरला, एखाद्या माणसावर धरावा तसा. आणि त्यांची एकुलती एक मुलगी संध्या, जिच्या हातात त्यांनी सहाव्या वर्षी ब्रश दिला होता, तिनं नवऱ्याबरोबर निजामपुऱ्यात दुकान काढलं ते फ्लेक्स छापण्याचं. काकू तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या, मधे पडायला कुणी नव्हतं. तरी काका उद्‌घाटनाला गेले, नवा सदरा घालून. दुकानाच्या दारावर झेंडूचं तोरण होतं, आणि तोरणाच्या वर संध्याच्या नावाचा फ्लेक्स. पाटी लिहिणाऱ्याच्या मुलीच्या दुकानावर छापील नाव. काकांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि तो फ्लेक्स चार पाहुण्यांसमोर, तिच्या सासूसासऱ्यांसमोर टरकावून खाली टाकला. संध्या खाली उभी राहून काहीतरी सांगत होती. काका उतरले आणि मागे न बघता चालू लागले.

त्याला सात वर्षं झाली होती. समा ते निजामपुरा स्कूटरवर दहा मिनिटं. काका तिच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊन परत आले होते. फोन केला, तिनं उचलला नाही.

"ती काय सांगत होती तेव्हा?" मी विचारलं.

"मी विचारलं होतं संध्याला," नीला म्हणाली. आमच्या सोसायटीत राहत असताना संध्या हिची मैत्रीण. "ती म्हणाली, जे सांगायचं ते मी बाबांना सांगितलं. ऐकून घेऊन ते निघून गेले. आता परत परत सांगायला मी काय रेडिओ आहे?"

त्यानंतर मी माने काकांकडे जरा नीट पाहायला लागलो. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे फक्त मेंटेनन्सच्या दृष्टीनं पाहत होतो.

उंचीनं बेताचे, पण खांदे रुंद. नखांच्या कडेला कायम कुठला तरी रंग. टर्पेंटाईनचा वास त्यांच्या अगोदर जिन्यात यायचा. चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी खाली ठेवताना ती टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचे, गोल बशी कशी समांतर ठेवतात ते मला आजही कळलेलं नाही. पाटी लिहिण्याआधी खडूची पूड लावलेली दोरी दोन टोकांना ताणून फळीवर टणकन मारायची, की सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं बसतात. काकांचं आयुष्याबद्दलचं सगळं तत्त्वज्ञान त्या दोरीत होतं. मुलीचं लग्न ठरवणारा शेजारी असो की ॲडमिशनसाठी धावणारा, काकांचा सल्ला एकच: "आधी दोरी मारा. मग ब्रश उचला."

"तुम्ही मारलीत का हो नेहमी?" मी एकदा धीर करून विचारलं.

"फळीवर नेहमी," ते म्हणाले.

घराणं शिपाईगड्यांचं. आजोबा संस्थानच्या पागेत घोडेस्वार. उकळ्याला ही शक्ती आली कुठून, असं समोरच्या बिल्डिंगमधल्या ध्वनीनं एकदा विचारलं. ही ध्वनी आठवीतली, चित्रकथेची सर्वांत कडक टीकाकार. काका म्हणाले, "आजोबांपासून. रक्तातच आहे. पण आजोबा घोड्यावर बसायचे ने, त्यामुळे उंची वाढलेली कुणाच्या लक्षातच आली नाही."

आणि त्यांची ती सवय. राग आला की माने काका खाली बसायचे. म्हणजे शब्दशः. भाजीवाल्यानं खालून सडका टोमॅटो घातला, की काका तिथेच, फुटपाथवर मांडी घालून बसणार. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं गुडघे गेले. मग वाटलं चक्कर.

आमच्या वार्षिक सभेत तर कमाल झाली. कुणीतरी काकांची जुनी स्कूटर सरकवून आपली गाडी लावली होती आणि स्कूटर पडून तिचा आरसा फुटला होता. गाडीवाला वर काकांनाच म्हणाला, की भंगार ठेवता कशाला. काका उभे राहिले. मान लाल झाली. सगळी सभा श्वास धरून बसली. आणि काका सावकाश, एखाद्या लिफ्टसारखे खाली गेले आणि जमिनीवर बसले. मी धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं.

"चक्कर नाही," काका खालून म्हणाले. "कान खाली आणतोय."

आमचे चेअरमन पटेलभाई टेबलापलीकडून वाकून बघत होते. त्यांना काका दिसेनात. ते टेबलाला वळसा घालून आले, थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "नीचे बेठा छे, तो झगडवुं कोनी साथे?" खाली बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं? मग तेही बसले. मग गाडीवाला बसला, कारण सगळ्यांच्या वर एकट्यानंच ओरडणं विचित्र वाटायला लागलं. पाच मिनिटांत अख्खी सभा सतरंजीवर होती, आरसा गाडीवाल्यानं बसवून द्यायचं ठरलं होतं, आणि कुणीतरी सेव-उसळ मागवली होती. उभा फक्त मी होतो. हातात साखरेचं पाणी.

घरी येऊन मी नीलाला पार्किंगचा मूळ प्रश्न कसा बाजूलाच राहिला ते समजावून सांगितलं. ओट्याशी उभा राहून, मुद्देसूद. ती मधेच फोन दाखवत काहीतरी म्हणाली. मी तिसऱ्या मुद्द्यावर होतो.

तो आठवडा उकळ्याचा सर्वोत्तम. उकळ्या लहरीपुरा दरवाजातून जात असतो, एक रिक्षा त्याला घासून जाते, आणि तो नेमका कमानीखाली असतानाच भडकतो. वाढतो, आणि खांद्यांपर्यंत कमानीत अडकतो. दोन्ही बाजूंना वाहतूक ठप्प. लोक त्याला शांत करायला येतात. एक जण लिलो चेवडो भरवतो. एक जण भजन म्हणतो, त्यानं तो आणखी वाढतो. शेवटी मागून शिंपी येतो, फाटलेल्या पँटकडे पाहतो आणि म्हणतो, "पाछुं? भर बाजारमां?" आणि उकळ्या लाजेनं लहान होत होत कमानीतून निसटतो. पटेलभाईंनी त्याचा फोटो काढून स्वतःच्या तिन्ही ग्रुपांवर पाठवला.

पण पोरांना आता शेवट हवा होता. "काका, आ वखते उकळ्या मरी जशे ने?" ध्वनी दर शनिवारी विचारायची. यावेळी मरेल ना? दुसऱ्या पोरांना हीरो हवा होता, उडणारा.

"हीरो कुणीपण काढेल," काका म्हणायचे.

"पण मग याला हरवणार कोण?"

काका ब्रश धुवायला लागायचे. एकदा मीच म्हणालो, तसा बिचारा वाईट नाही हो उकळ्या. तर माझ्यावर उखडले. म्हणजे स्टुलावरून खाली सतरंजीवर बसले. "बिचारा म्हणू नका. तो व्हिलनच आहे. त्यानं काय काय उपटलंय ते बघा आधी. राग आला म्हणून उपटलं, हे मोडलेल्या पाटीला सांगून काय उपयोग?"

गणपतीच्या दोन महिने आधी तो कागद लागला. त्यावर सहा चौकटी नव्हत्या, एकच होती. पूर्ण कागदभर उकळ्या, इतका मोठा की डोकं कागदाबाहेर. कान तर दिसतच नव्हते. त्याच्या मुठीत एक पाटी, तिचे दोन तुकडे. आणि खाली, पायाच्या अंगठ्याएवढी, एक मुलगी. मान वर केलेली, तोंड उघडं. तिच्या तोंडातून बोलण्याचा फुगा निघाला होता, चांगला मोठा, वळणदार. फुगा कोरा होता.

पुढच्या शनिवारी नवीन कागद आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तोच कागद, तोच कोरा फुगा. पोरं रोज अंदाज करायची ती काय म्हणत असेल. एकाचं मत होतं, बचाओ. ध्वनीचं मत, की काका लिहायला विसरले.

मला ते पटलं. बोर्डावर अर्धवट मजकूर राहू देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तिसऱ्या सोमवारी ऑफिसला जाताना मी बॉलपेन काढलं आणि फुग्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: कृपया शांतता राखावी.

संध्याकाळी आलो तर माने काका बोर्डासमोर पांढऱ्या रंगाची वाटी घेऊन उभे होते. बारीक ब्रशनं माझी अक्षरं एकेक करून पुसत होते. मला वाटलं आता खाली बसतील. बसले नाहीत.

"सेक्रेटरीसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "ते वाक्य तुमचं नाही. माझंपण नाही. ते तिचं आहे."

"मग लिहा ना तिचं."

"ऐकलं असतं तर लिहिलं असतं." ब्रश वाटीच्या कडेला निथळत त्यांनी फुग्याकडे पाहिलं. "तोंड हलताना दिसलं मला वरून. आवाज नाही आला. सात वर्षं रोज तिचं तोंड हलताना दिसतं, आणि आवाज येत नाही. मी कसा शेवट करू?"

मी घरी गेलो. माझी चूक होती हे कळलं होतं, म्हणून साहजिकच मी जोरात बोलत होतो. बोर्ड कुणाचा, नियम काय, अपूर्ण मजकुराबद्दल उपनियम काय म्हणतो. नीलानं मधे दोनदा "अहो, ऐका" म्हटलं आणि काहीतरी सांगितलं. मी खिडकीशी उभा होतो. मी म्हटलं, नंतर.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी साडेसहाला ध्वनीच्या किंकाळीनं सोसायटी जागी झाली. "फुगो भराई गयो!"

मी खाली पोचलो तेव्हा बोर्डापाशी दहाबारा जणं होती. वॉचमन सांगत होता, की एक बेन पहाटे ॲक्टिवावर आली, त्याचं स्टूल मागून घेतलं, पाऊण तास उभी राहून लिहीत होती, आणि स्टूल पुसून परत देऊन गेली. अडवलं का नाही, तर म्हणे, ज्या रीतीनं ती ब्रश धरत होती त्यावरून त्याला वाटलं ती मानेसाहेबांकडचीच आहे.

फुगा भरला होता. काळ्या रंगात, ब्रशनं, तीन ओळी. अक्षरं अशी, की माझी तीन भाषांतली नोटीस वर लाजेनं आक्रसली.

कुणीतरी माने काकांना बोलावून आणलं. लुंगी आणि बनियनवरच आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, नाक कागदाला लागेल इतके जवळ गेले, आणि लगेच वाचलं नाही. अक्षरांच्या वर आणि खाली बोट फिरवलं. तिथे खडूची अगदी पुसट रेघ होती.

"दोरी मारलीय," ते म्हणाले.

मग वाचलं. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत.

"बाबा, हा फ्लेक्स फक्त आजच्यापुरता आहे. वरची पाटी कोरी ठेवलीय. ती तुम्ही लिहायची."

काका जमिनीवर बसले. रागानं बसायचे तसे सावकाश नाही, एकदम. कुणीही साखरेचं पाणी आणायला गेलं नाही, मीसुद्धा. ध्वनी त्यांच्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "काका, तो उकळ्या हवे शुं करशे?" आता उकळ्या काय करणार?

काकांनी डोळे पुसले, चष्म्याला रंग लागला. "उकळ्या आता निजामपुऱ्याला जाणार," ते म्हणाले. "सेक्रेटरीसाहेब, स्कूटर काढा ने."

मी निजामपुऱ्यात आठवड्यातून दोनदा तरी जातो. त्या दुकानाखालून कितीतरी वेळा गेलो असेन. मान वर करून मी कधी पाहिलं नव्हतं. फाडलेल्याच्या जागी नवा फ्लेक्स होता तो दारावर, आणि त्याच्या वर, दुकानाच्या पूर्ण रुंदीएवढी, एक पत्र्याची पांढरी पाटी. कोरी. सात पावसाळ्यांनी पिवळी पडलेली. आजूबाजूच्या दुकानदारांना वाटायचं काम अर्धवट राहिलंय.

संध्या शटर वर करत होती. वडिलांना बघून तिचे हात शटरवरच राहिले.

"आलात," ती म्हणाली.

"हो." काका मान वर करून पाटी बघत होते. "पांढरा गेलाय पार. दोन हात मारावे लागतील आधी."

"डबा आणून ठेवलाय."

"ही काढली कशी नाहीस इतकी वर्षं?"

"वेळ नाही मिळाला," संध्या म्हणाली आणि तोंड फिरवलं. तशीच पाठमोरी म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही ऐकलंत. ऐकून गेलात. त्या कोऱ्या फुग्याचा फोटो बघितला तेव्हा कळलं, की तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं."

"नाही आलं," काका म्हणाले. "कान वर होते."

"चहा घ्या आधी."

"आधी दोरी."

पुढे दिवाळीनंतर काका निजामपुऱ्यात तिच्याकडेच राहायला गेले. जाण्यापूर्वी पोरांसाठी उकळ्याचा शेवटचा कागद लावून गेले: शिंप्याच्या दुकानात उकळ्या जमिनीवर मांडी घालून बसलाय, हातात सुई, स्वतःची पँट स्वतः शिवतोय, आणि शिंपी निवांत चहा पितोय. "एटले मरी गयो?" म्हणजे मेला का, ध्वनीनं विचारलं. "नाही," काका म्हणाले, "बसलाय." तिला तो शेवट आवडला नाही. बोर्डावर आता फक्त माझ्या नोटिसा असतात आणि बोर्डापाशी कुणी थांबत नाही.

पण माने काका म्हटलं की मला ते निजामपुऱ्यातल्या त्या पहिल्या दिवशीचेच दिसतात. पांढरा वाळून पाटी तयार झाली तोवर दुपार झाली होती. काका शिडीवर, लुंगी खोचलेली. शिडी मी धरलेली, आणि पांढऱ्या रंगाचे सकाळचे थेंब माझ्या शर्टावर वाळलेले. पाटीच्या दुसऱ्या टोकाला संध्या स्टुलावर उभी, तिच्या चिमटीत दोरीचं टोक. समोरचा चहावाला, दोन रिक्षावाले, तिचा नवरा, सगळे मान वर करून. काकांनी दोरी ताणली आणि खाली वाकून, अगदी कान तिच्याकडे करून, विचारलं, "बरोबर आहे?"

"थोडं वर, बाबा."

त्यांनी ऐकलं. थोडं वर घेतलं. टणकन दोरी मारली, आणि नव्या पांढऱ्यावर निळी सरळ रेघ उमटली.

घरी आलो तर नीलानं शर्टाकडे पाहून काही विचारलं नाही. तिच्या फोनवर संध्याचा मेसेज येऊन पडला होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दर शनिवारी बोर्डाचा फोटो काढून संध्याला पाठवणारी आमच्याच घरात राहत होती. वर्षभर. कोरा फुगा तिनंच पाठवला होता, माझं बॉलपेन लागायच्या आधी. मला राग आला. इतकी मोठी गोष्ट, आणि सेक्रेटरीला पत्ता नाही. मी हॉलच्या मध्यभागी उभा राहून, बोट वर करून म्हणालो, "तू मला एका शब्दानं सांगितलं का नाहीस?"

नीलानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे.

"सांगितलं होतं की, दोनदा," ती म्हणाली. "तुम्ही उभे होतात."